बाळंतपण शिकवणारे रबराचे पोट

मित्रांनो, मी एक पोट आहे. हसू नका! मी रबराचे आहे, मला मागे पट्टे आहेत आणि माझ्यात एक कापडी बाळ मावते. नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात एक मुलगी मला कमरेला बांधून आई व्हायची आणि दुसरी तिचे बाळंतपण करायला शिकायची.

पहिली काही वर्षे मला बांधणारी प्रत्येक मुलगी खाटेवर उताणी निजायची. मग तेजस्विनी मॅडम आल्या. त्या म्हणाल्या, "आज खाट नको. कुशीवर, उकिडवं, गुडघे टेकून, सगळं करून बघायचं."

त्या दिवशी मी पेठ तालुक्याकडच्या सविताच्या कमरेला होते. ती चटईवर हात-गुडघे टेकून ओणवी झाली. सुईण झालेली वैष्णवी खुदकन हसली. "मॅडम, असं कोण बाळंत होतं?"

"माझी आई," सविता मान वर न करता म्हणाली. "पाच वेळा. ओणवी नाय, उकिडवी बसून. दोर धरून."

वैष्णवीचे कान लाल झाले. तिने हात पुढे केले, पण ओणव्या बाईचे सगळे उलट दिसते! बाळ निसटून चटईवर पडले.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

त्या दुपारी बाळ सात वेळा पडले. आठव्यांदा वैष्णवीने ते अलगद झेलले, तेव्हा सर्वांत आधी सविताने टाळ्या वाजवल्या.

पुढे पडद्यावर बाळाचे ठोके दाखवणारी नवी बाहुली आली. मला खिडकीजवळच्या कपाटावर टाकले. उन्हाने माझे रबर चिरले, एक पट्टा तुटला. दोन वर्षे कुणी हात लावला नाही. फार वाईट वाटायचे.

एके दिवशी वैष्णवी आली. ती आता इगतपुरीजवळच्या एका आरोग्य केंद्रात नोकरी करत होती.

"मॅडम, परवा बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. बाई उताणी होती. डॉक्टरांना हाक मारली आणि तिला म्हटलं, ताई, वळा, हात-गुडघ्यांवर या. माझे हात आपोआप चालले. खांदा सुटला. बाळ लगेच रडलं नाही... मग रडलं."

एवढे सांगून तीच रडू लागली.

जाताना तिने मला मॅडमकडून मागून नेले. माझी चीर चिकटवली, नवा पट्टा शिवला. आता केंद्रात येणाऱ्या गरोदर बायांना ती माझ्यावर सगळे समजावते. काल एकीने हळूच विचारले, "मला बसून बाळंत व्हायचं आसंल तर चालंल का?"

"चालेल की. तुम्ही फक्त सांगा," वैष्णवी म्हणाली.

मित्रांनो, आपल्याला शिकवणाऱ्या वस्तू जपा. आणि कुणी वेदनेत असेल, तर काय करायचे ते सांगण्याआधी एवढेच विचारा, "तुला कसं बरं वाटेल?"