शांतिबाबांचं टकटक यंत्र

मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. अणुवीज केंद्राचा भोंगा दुपारभर ओरडत होता आणि शांतिबाबा माइकवरून त्याच्याहून मोठ्याने ओरडत होते.

"अणू म्हणजे काय, बाळांनो? अहंकाराचा कण! तो फुटला की विष! आणि विषावर उतारा एकच, शांतीची माती!"

त्यांनी एका बाईच्या डोक्यावर मनगटाला पट्टी बांधलेला उजवा हात ठेवला आणि डाव्या हातातलं किरणोत्सार मोजणारं छोटं यंत्र तिच्या कपाळाशी नेलं. यंत्र टकटकटक वाजायला लागलं. गर्दी शहारली. चेल्याने बाईच्या तोंडाला ओली पांढरी माती फासली, बाबांनी उजवा हात आभाळाकडे नेला, आणि यंत्र जवळजवळ गप्प झालं. बाई रडत त्यांच्या पाया पडली. लोक मातीच्या घमेल्यावर तुटून पडले.

मी लाऊडस्पीकरवाला. लग्न असो, निवडणूक असो, कर्णा माझा आणि शब्द गिऱ्हाइकाचे. त्या दिवशी नगरपालिकेने माझी गाडी भाड्याने घेतली होती. मी मैदानाच्या कडेला थांबून सांगत होतो, "केंद्रातून किरणोत्सारी वाफ आणि धूळ बाहेर पडली आहे. घरात जा. दारं-खिडक्या लावा, पंखे बंद करा. बाहेरून आलात तर कपडे काढून पिशवीत बांधा, अंग धुवा. उघड्यावरचं पाणी पिऊ नका. आयोडीनच्या गोळ्या सांगितल्याशिवाय घेऊ नका. रेडिओ चालू ठेवा. घर लांब असेल त्यांनी शाळेत यावं."

"बंद दाराआड विष साठतं!" बाबा गरजले. "हा तुम्हाला कोंडून मारणार!"

पहिला दगड काचेवर आला, दुसरा माझ्या कपाळावर. त्यांनी मला केसांना धरून बाहेर ओढलं. कर्णा उखडला आणि त्यानेच मला बडवलं. बरगडीत लाथ बसली तेव्हा गर्दीत आई दिसली, तोंडाला पांढरी माती फासलेली.

"आई!"

"तूही लावून घे रे," ती कळवळून म्हणाली. त्या वेळी एक जण माझ्या बोटांवर बूट रगडत होता.

कसाबसा सुटलो आणि शाळेकडे पळालो. फाटकावर पहारेकरी मामा होते. सगळी शाळा त्यांना मामाच म्हणायची. त्यांनी मला आत ओढून कुलूप लावलं. वर्गांत पोरंबाळं, म्हातारीकोतारी दाटीवाटीने बसली होती. दारांच्या फटीत ओले टॉवेल कोंबले होते. निवाऱ्याची जबाबदारी माझ्या वहिनीकडे होती. ती तिथे विज्ञान शिकवते.

"भाऊजी, आधी शर्ट काढा."

"वहिनी, रक्त येतंय."

"रक्त दिसतंय मला. शर्टावरची धूळ दिसत नाही, म्हणून शर्ट आधी."

कपाळाला पट्टी बांधून होतेय तोवर काचा फुटायला लागल्या. बाहेर पांढऱ्या तोंडांची झुंड उभी होती, सगळ्यात पुढे शांतिबाबा. "दारं उघडा! आमची माणसं कोंडलीत!"

मामा फाटकाशी गेले. "अरे, कोंडलेलं नाही कुणाला. तुम्हीही या, जागा आहे..."

दगड त्यांच्या कानशिलावर बसला. ते आवाज न करता खाली गेले. झुंड फाटक मोडून त्यांच्या अंगावरून आत आली.

वहिनीला त्यांनी वेणीला धरून पायऱ्यांवरून फरफटत अंगणात आणलं. "हिचा नवरा केंद्रात कामाला आहे! हिनेच विष आणलं घरोघरी!" माझा भाऊ त्या क्षणीही केंद्रातच होता, तिथल्या पंपांवर. बाबांनी तिच्या डोक्यावर उजवा हात ठेवला, कपाळाशी यंत्र नेलं. टकटकटकटक! एकाने लोखंडी गज उचलला.

गुडघ्यांवर पडलेली वहिनी म्हणाली, "बाबा, पुन्हा धरा. फक्त या वेळी उजवा हात पाठीमागे ठेवा."

"देवाच्या कामात अटी घालतेस?"

"एवढं विष आहे ना माझ्यात? मग हाताशिवायही वाजेल."

गज हवेतच थांबला. बाबांनी हात मागे नेला नाही. उलट त्यांनी तो घाईने अंगरख्यात घेतला, आणि ते गर्दीने पाहिलं.

"भाऊजी, मनगट!"

मी झेपावलो. बाबा माझ्या दंडाला कडकडून चावले, मी त्यांचं मनगट पिरगळलं. मनगटावरची जाड कापडी पट्टी फाटली आणि आतून पांढऱ्या जाळीची घडी जमिनीवर पडली.

वहिनीने यंत्र हिसकावलं आणि जाळीवर धरलं. टकटकटक! स्वतःच्या डोक्याशी नेलं. एखादाच टक. मग चेल्याच्या घमेल्यातली माती ओंजळीने त्या जाळीवर ओतली. टकटकटक चालूच.

"ही जुन्या गॅसबत्तीची जाळी," ती धापा टाकत म्हणाली. "तिच्यात थोडा किरणोत्सारी धातू असायचा. वर्गात मी हाच प्रयोग दाखवते. जाळी जवळ आणली की यंत्र वाजतं, लांब नेली की थांबतं. मातीचा काही संबंध नाही. उलट ओल्या मातीला हवेतली धूळ जास्त चिकटते."

मग तोच गज बाबांच्या तोंडावर बसला. दात उडाले. ते पडले तसे सगळेच त्यांच्यावर तुटून पडले. मघाशी पाया पडणारी बाई आता चपलेने मारत होती.

वहिनी मधे घुसली. एक फटका तिच्या खांद्यावर आला. "थांबा! याला मारेपर्यंत तुम्ही उघड्यावरच आहात! भिंत किरणं अडवते, बंद दार धूळ अडवतं. याचं काय ते पोलीस बघतील. माती धुवा आणि आत चला!"

एकेक जण खाली मान घालून आत आला. बाबाही आले, रांगत. तोंडातलं रक्त पुसत त्यांनी पहिल्यांदा काय मागितलं असेल, तर साबण.

दुसऱ्या दिवशी गळती आटोक्यात आली. डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं. किरणांनी कुणी मेलं नाही. भाऊ थकून, पण धडधाकट घरी आला. बाबांना पोलीस घेऊन गेले. मामा मात्र दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत.

आईने कितीदा तोंड धुतलं कोण जाणे. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"दगड मीही फेकला होता रे. शाळेच्या खिडकीवर फेकला होता. पण कुठे लागला ते पाहिलं नाही."

मी तिच्या कानामागे राहिलेली माती पुसली.

तुम्हाला मात्र एवढं सांगतो. भोंगा वाजला की आत जा, दार लावा, सूचना ऐका. कुणी चमत्कार दाखवला, तर तो पुन्हा करून दाखवायला सांगा, तुम्ही म्हणाल तसा. एवढं म्हणायला क्षणभरच लागतो. आमच्या गर्दीत ते आधी कुणी म्हटलं असतं, तर मामा आज फाटकावर असते.