फटीतला बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फलक आहे आणि मी मत्सरी आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना आधी स्वतःच्या सेवेचे गोडवे गातात. मी आधी माझी खोड सांगतो, कारण पुढे जे घडले ते तिच्यामुळेच घडले.

सध्या माझा मुक्काम एडमंटनमधल्या एका लहानशा विमान-संग्रहालयात आहे. मराठी मी गेल्या दोन वर्षांत शिकलो. दर शनिवारी इथे राजरत्नकाका येतात. ते मूळचे नागपूरचे, सरकारी खात्यात इंजिनिअर आणि आंबेडकर असोसिएशनचे जुने कार्यकर्ते. सुटीच्या दिवशी ते आमची फुकट देखभाल करतात. त्यांच्याबरोबर साताऱ्याची अवंतिका असते. ती इथल्या कॉलेजात शिकते आणि इथे पार्ट-टाइम काम करते. दोघे सामानाच्या खोलीत मराठीतच बोलतात. शिव्या आणि म्हणी मी काकांकडून उचलल्या.

माझा जन्म १९४३ सालचा, इंग्लंडमधला. एका सुतार सार्जंटने खोक्याच्या तीन फळ्या जोडून मला घडवले. तो आधी फ्रान्समध्ये होता आणि रंधा मारता मारता तिथली हकिगत सांगे. १९३९ साली ब्रिटिशांची दोन हवाई दले फ्रान्समध्ये उतरली. एक लष्कराच्या सेनापतीचा हुकूम मानी, दुसऱ्याचा धनी समुद्रापलीकडे इंग्लंडात. शेजारी शेजारी तळ, पण बोलणी वेगवेगळ्या धन्यांशी. पुढे १९४०च्या जानेवारीत दोघांना एका कमांडखाली आणले, पण मे महिन्यात जर्मन फौजा आल्या आणि सगळा डाव विस्कटला. “कोण कुणाच्या हाताखाली, हे भिंतीकडे बघून कळलं पाहिजे,” असे म्हणत त्याने माझ्या अंगावर बिल्ले अडकवायचे पितळी आकडे, म्हणजे हुक, ठोकले.

माझे काम तेच होते. युरोपात उतरणाऱ्या सैन्याबरोबर पुढे पुढे सरकण्यासाठी एक नवे हवाई दल उभे राहिले होते, त्याचे नाव सेकंड टॅक्टिकल एअर फोर्स. ते माझ्या कपाळावर पांढऱ्या रंगात लिहिले. खाली ग्रुप, ग्रुपखाली विंग आणि विंगखाली आकड्यांवर पत्र्याचे छोटे बिल्ले. एक बिल्ला म्हणजे एक स्क्वॉड्रन, विमानांची एक तुकडी. त्यांत कॅनडाचेही पुष्कळ होते. स्क्वॉड्रन एका विंगमधून दुसरीकडे गेली की बिल्ला हलवायचा. मग मला उलटा करून माझ्या पाठीवर पेन्सिलीने तारीख, बदल आणि सही करायची. उलटण्याआधी बिल्ल्यांवरून एक सुतळी ताणायची, म्हणजे ते घसरत नाहीत. हा तिथला रिवाज होता.

मी कुठल्या कचेरीत होतो ते सांगत नाही. मागच्या फळीतली एक बारकी कचेरी होती, बेल्जियममधल्या एका शाळेत. माझ्या समोरच्या भिंतीवर नकाशा होता. केवढा त्याचा थाट! रोज सकाळी साहेब आत आले की तडक त्याच्याकडे. त्याला रंगीत टाचण्या, त्याला वेगळा दिवा, त्याच्यापुढे सिगारेटी विझवून अदबीने उभे राहणारे लोक. माझ्याकडे बघे तो फक्त कॉर्पोरल डॉसन, आमचा कारकून, एडमंटनचाच. तो दर सोमवारी माझ्यावरून टपालाची यादी उतरवी, कुठल्या स्क्वॉड्रनची पत्रे कुठल्या तळावर पाठवायची ती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होई. नकाशा तरी काय, कागदच ना? मी लाकूड होतो.

१९४५चा जानेवारी होता. एका कॅनेडियन स्क्वॉड्रनची विंग बदलली आणि तळही. डॉसनने बिल्ला हलवला आणि घाईत सुतळी न ताणताच मला उलटे केले. बिल्ला आकड्यावरून सुटला आणि माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीमधल्या फटीत शिरला. मित्रांनो, मला सुलट करताना मी फट सैल सोडली असती तर तो टणकन खाली पडला असता. मी सोडली नाही. हवा ओली होती, अंग फुगले होते, हे खरे. पण मला वाटले, एकदा हरवू दे काहीतरी. एकदा बघू देत माझ्याकडे.

पुढच्या सोमवारी डॉसनने माझ्यावरून यादी उतरवली, तीत ती स्क्वॉड्रन नव्हती. तिची पत्रे जुन्या तळावर गेली, तिथून परत इंग्लंडला. चूक लक्षात यायला एकोणीस दिवस लागले. मग मात्र सगळी कचेरी माझ्यासमोर जमली, अगदी नकाशाला पाठ करून. मी फुलून गेलो. त्याच संध्याकाळी कळले, की त्या स्क्वॉड्रनचा लॉयड नावाचा एक वैमानिक आदल्या दिवशी उड्डाणाला गेला तो परतलाच नाही.

डॉसनने नवा बिल्ला केला, माझ्या पाठीवर घडले ते लिहिले आणि नंतर कुणी वाचू नये म्हणून त्यावर ब्राऊन पेपर चिकटवला. लढाई संपल्यावर जुलैमध्ये दलाचे नाव बदलून ब्रिटिश एअर फोर्सेस ऑफ ऑक्युपेशन झाले. माझे कपाळ नुसते पुसून पुन्हा रंगवता आले असते, पण त्यांनी नवा गुळगुळीत फलक आणला. त्याच्यावरही मी जळलो. मी जळाऊ लाकडात जायचो, पण डॉसनने मला मागून घेतले आणि कॅनडाला आणले. आयुष्यभर त्याने मला बेसमेंटमध्ये, तोंड बाहेर आणि पाठ भिंतीला, असे ठेवले. तो वारल्यावर त्याच्या मुलीने मला संग्रहालयाला देऊन टाकले.

आणि इथे, माझ्या नशिबाने, समोरच्या काचेच्या कपाटात कोण असावे? लॉयडचे जाकीट. तपकिरी चामड्याचे, कॉलरला मेंढीची लोकर. मुले काचेला नाक लावतात, सेल्फी काढतात. जाकिटाशेजारी त्याचे शेवटचे पत्र आहे: “आई, तीन आठवडे तुझे पत्र नाही. माझ्यावर रागावलीस का?” शेजारी आईची तीन पत्रे, न उघडलेली. खाली पाटी: पत्रे वेळेवर का पोचली नाहीत हे कुणालाच ठाऊक नाही. लोक ते वाचून डोळे पुसतात. ज्या दुःखावर त्या जाकिटाला एवढा मान मिळतो ते दुःख माझ्या फटीत होते, आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हते. मला पश्चात्ताप व्हायला हवा होता, झाला तो जळफळाट.

दर नोव्हेंबरमध्ये, युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनाला, वॉकर घेऊन एक आजी येतात. त्या मार्जरी, लॉयडची धाकटी बहीण, वय एक्क्याण्णव. कपाटासमोर खुर्चीवर अर्धा तास बसतात आणि जातात. गेल्या नोव्हेंबरमध्ये अवंतिकाने त्यांना चहा दिला, तेव्हा त्या हलक्या आवाजात बोलल्या. लढाईच्या वेळी त्या दहा वर्षांच्या होत्या. आई पत्रे टाकायला त्यांच्याकडे देई. त्या हिवाळ्यात दोन पत्रे घेऊन त्या बर्फावर घसरगाडी खेळायला गेल्या आणि पत्रे चार दिवस कोटाच्या खिशातच राहिली. आईला त्यांनी कधीच सांगितले नाही. “माझ्यामुळे तो आई रागावली असं समजून गेला,” म्हणाल्या. अवंतिकाने त्यांचा हात हातात घेतला.

मी भिंतीवर होतो. सगळे ऐकले. काका म्हणतात, खाई त्याला खवखवे. त्या दिवसापासून माझी ती फट खवखवू लागली.

फेब्रुवारीत संग्रहालय लहान जागेत हलवायचे ठरले. राजरत्नकाका यादी घेऊन फिरले. हिरवा स्टिकर म्हणजे न्यायचे, लाल म्हणजे बाहेरचा कचऱ्याचा डम्पस्टर. जाकिटाला हिरवा लागला, हे सांगायलाच नको. प्रोपेलरला हिरवा, एका फुटक्या थर्मासलाही हिरवा! माझ्या कपाळावर लाल.

“काका, ह्याचं काहीच नाही करता येणार?” अवंतिका म्हणाली.

“काय करतं बाप्पा? नुसती नावं आणि हुक. नव्या जागेत स्पेसच नाही ना. व्हिजिटर एक मिनिट थांबत नाही त्याच्यासमोर. उचल, मी मागचं दार ओपन करतो.”

बाहेर उणे एकतीस होते. आत हीटरने हवा सुकून खडखडीत झाली होती, माझी फळी न् फळी आकसली होती. अवंतिकाने मला उचलले. वाटेत जाकिटाचे कपाट लागले. खरे सांगतो, शेवटच्या घडीलाही मनात पहिले हेच आले की हे राहणार आणि मी जाणार. गप्प राहिलो असतो तर माझे पाप माझ्याबरोबर कचऱ्यात गेले असते, कुणाला कळलेही नसते. पण कपाटासमोर ती रिकामी खुर्ची होती. मी फट सोडली.

बिल्ला ब्राऊन पेपरच्या आत पडला आणि खुळखुळला.

“काका, थांबा! आत काहीतरी लूज आहे.”

“काहून गं? खिळा असेल.”

“खिळा नाहीये. वाजतंय वेगळं.” तिने मला जमिनीवर पालथे ठेवले आणि नखाने कागद फाडला. बिल्ला तिच्या तळहातावर आला. तिने त्यावरचा स्क्वॉड्रनचा नंबर वाचला, मान वळवून जाकिटाच्या पाटीवरचा नंबर वाचला. तोच होता. मग तिची नजर माझ्या पाठीवर गेली. ऐंशी वर्षांपूर्वीची पेन्सिल, पण उजेड न लागल्याने ठसठशीत राहिलेली. तिने मोठ्याने वाचले: बिल्ला सापडत नाही. टपालाची यादी चुकली. या स्क्वॉड्रनला एकोणीस दिवस एकही पत्र मिळाले नाही. चूक माझी. खाली डॉसनची सही.

काकांनी मागचे दार लावून घेतले. “आजींना फोन कर,” म्हणाले. “नाही, थांब. फोनवर नको. मी व्हॅन काढतो.”

तासाभरात मार्जरीआजी आल्या. कोटसुद्धा न काढता भिंग घेऊन माझ्या पाठीवर वाकल्या. एकेक शब्द बोट ठेवून वाचला, दोनदा. “एकही नाही?” त्यांनी विचारले. “कुणालाच नाही?”

“कुणालाच नाही,” अवंतिका म्हणाली. “तुम्ही त्याच दिवशी टाकली असती तरी पोचली नसती.”

आजी खुर्चीत बसल्या आणि रडल्या, लहान मुली रडतात तशा, तोंड न झाकता. मी कितीतरी जणांना रडताना पाहिले आहे, ते सारे जाकिटासमोर. हे रडणे माझे होते आणि ते मला नकोसे झाले. मग त्यांनी डोळे पुसले, मला सुलट करायला सांगितले आणि तो बिल्ला त्याच्या आकड्यावर अडकवला. डॉसनच्या नव्या बिल्ल्याशेजारी.

काकांनी माझा लाल स्टिकर खरवडून काढला. नव्या जागेत मी आता जाकिटाच्या कपाटाला लागूनच आहे, मधोमध, वेगळ्या दिव्याखाली. लोक थांबतात, वाचतात, गर्दी होते. नकाशापुढेही एवढी होत नसे. फक्त एक झाले. वाचण्यासारखे जे आहे ते माझ्या पाठीवर आहे, म्हणून काकांनी मला उलटे टांगले. रंगवलेले कपाळ, पितळी आकडे, ते बिल्ले, सगळे भिंतीकडे. गर्दी मला ऐकू येते, दिसत नाही. जाकिटाला दिसते. अजूनही थोडे पोटात दुखतेच, जित्याची खोड आहे ती. पण आजी या वेळी नोव्हेंबरची वाट न पाहता मार्चमध्येच आल्या आणि अवंतिकाशी चक्क घसरगाडीच्या गप्पा मारत बसल्या.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू टाकण्याआधी ती एकदा उलटून बघा. आणि चूक तुमची असेल तर ती फटीत दाबून ठेवू नका. तुम्ही गप्प राहता आणि कुणी दहा वर्षांची मुलगी ती चूक आपल्या कोटाच्या खिशात घेऊन म्हातारी होते.