उसातलं दुसरं पिल्लू

तिसगावजवळ ऊसतोडणी चालू असताना मजुरांना बिबट्याची दोन पिल्लं सापडली. वनरक्षक ज्ञानेश्वरीला फोन आला, तेव्हा तिच्या घरचं कुत्र्याचं पिल्लू मरून चारच दिवस झाले होते. उलट्या, रक्ताची हगवण, तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. तिची मुलगी दिशा अजून नीट जेवत नव्हती.

ज्ञानेश्वरीनं ओसरी फिनेलनं धुतली होती, बूटही पुसले होते. तरी निघताना तिनं सासऱ्यांना विचारलं, "मामा, त्या पिल्लांना काही बाधायचं न्हाई ना?"

आप्पासाहेबांची हयात जनावरांत गेलेली. "कुत्र्याचं दुखनं कुत्र्याला. बिबट्या मांजराच्या जातीचा. जा बिनघोर."

तिनं दोन्ही पिल्लं हातात घेऊन तपासली, वजनं केली आणि आई येईल म्हणून बांधावर क्रेटमध्ये ठेवली. पहाटे मादी आली, एकाला तोंडात धरून घेऊन गेली. दुसऱ्यासाठी ती परत आलीच नाही.

राहिलेल्या पिल्लाला ज्ञानेश्वरी चार दिवस बाटलीनं दूध पाजत होती. पोट भरलं की ते तिच्या कोपरात तोंड खुपसून झोपायचं. पाचव्या दिवशी त्यानं बाटली तोंडात घेतली नाही. मग उलटी झाली.

नगरहून डॉक्टर मोनिका आल्या. त्यांनी विष्ठेची तपासणी केली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

"पार्वो. घरी कुत्रं आहे?"

"होतं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "पण कुत्र्याचा आजार ह्यांना होत नाही ना, मॅडम?"

"एके काळी होत नव्हता. हा विषाणू मांजरांच्याच एका विषाणूच्या घराण्यातला. त्याच्या जनुकांत मोजके बदल झाले आणि तो कुत्र्यांच्या पेशींत शिरू लागला. तेव्हा मांजरं वाचली. पुढं आणखी थोडे बदल झाले, आणि आता त्याला मांजरंही चालतात, बिबटेही."

"मी फिनेलनं धुतलं होतं सगळं."

"फिनेलनं नाही मरत तो." मोनिकांनी मान वर केली नाही. त्या सलाईनसाठी शीर शोधत होत्या.

दोन दिवसांनी दुपारी पिल्लू गेलं. नियमाप्रमाणे पंचांसमोर त्याचं दहन झालं. अधिकारी पंचनामा लिहीत होते.

"साहेब, हा रोग माझ्या घरातून आला. तेही लिहा."

त्यांचा पेन थांबला. "नक्की तुमच्याकडूनच आला कशावरून? गावात कुत्री काय कमी आहेत?" त्यांनी 'विषाणूजन्य आजार' एवढंच लिहिलं.

आठवड्यानं बांधावर लावलेल्या कॅमेऱ्यात मादी दिसली. एकटीच. ज्ञानेश्वरीनं मोनिकांना फोटो पाठवला.

"पिल्लू कुठं तरी लपवून ठेवलं असेल," मोनिका फोनवर म्हणाल्या.

"असेल," ती म्हणाली. पहिल्या दिवशी तिनं त्यालाही त्याच हातांनी उचललं होतं.

त्यानंतर ती रोज फोटो तपासायची. कोल्हा दिसला, रानमांजर दिसलं, तोडणीवाल्यांचे बैल दिसले. शेवटचा फड तुटला तसा तिनं कॅमेरा काढून आणला.

आप्पासाहेब ओसरीवर बसले होते. बरेच दिवस ते तिच्याशी धड बोलले नव्हते.

"मीच म्हनलो हुतो, बिनघोर जा."

"तुमाला कुठं ठाऊक होतं, मामा," ती म्हणाली आणि हात धुवायला मागं गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.