रंग येईना चंबूला

टायट्रेशनच्या परीक्षेत दोनदा शून्य मिळवल्यामुळे वर्गाने त्याचं नाव भोपळा ठेवलं होतं. या खेपेला नापास झाला, तर वर्षच वाया जाणार होतं. देवाचं नाव घेऊन त्याने ब्युरेटची, त्या उभ्या मापनळीची, तोटी उघडली. खालच्या चंबूतल्या आम्लात अल्कली थेंबथेंब पडू लागली. गुलाबी झाक आली की थांबायचं, एवढंच काम.

पण झाक काही येईना. शेजारच्या मैत्रिणीचं दहा मिलिलिटरला आटोपलं. याची पन्नासची अख्खी ब्युरेट रिकामी झाली, तशी त्याने ती पुन्हा भरली.

"अरे, झाडांना पाणी घालतोयस का?" मैत्रीण कुजबुजली.

"देव परीक्षा बघतोय गं माझी."

"देव नाही, बाई बघतायत. मागेच उभ्या आहेत."

परीक्षक बाईंनी चंबू उजेडात धरला. "इंडिकेटर किती थेंब घातलास?"

भोपळ्याने टेबलाकडे पाहिलं. रंग दाखवणाऱ्या त्या औषधाची बाटली बुचासकट तशीच होती! त्याने घाईघाईने दोन थेंब टाकले, आणि चंबू असा भडक गुलाबी झाला, की प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी टाळ्याच वाजवल्या.

"आता रीडिंग काय लिहिणार?"

"खरं सांगू, बाई? रंग केव्हाच यायचा होता. त्याला यायची वाटच मी ठेवली नव्हती."

बाईंना हसू आवरेना. "हे मात्र बरोबर सांगितलंस. अर्धा तास उरलाय. चंबू धू आणि पुन्हा कर."

दुसऱ्या खेपेला दहा मिलिलिटरवर फिकट झाक आली, आणि भोपळा आनंदाने असा टुणकन उडाला, की तोटी बाईंनाच बंद करावी लागली.