कच्चा लाल

राजाची मुलगी रंगशाळेत आली त्या दिवशी तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की माझी उशी कुठे आहे. रंगारणींची हसून हसून पुरेवाट झाली. तिथे झोपायला सुताच्या गठड्या होत्या, पांघरायला कोरं कापड होतं आणि उशाला ज्याचा त्याचा हात होता. त्या दिवसापासून तिचं नाव उशी पडलं, आणि एकदा पडलेलं नाव काही उठत नाही.

तिचा बाप ती रांगत होती तेव्हाच गेला. राज्य आई बघायची. मग आईला ताप भरला. धाकट्या दिराने, म्हणजे उशीच्या काकाने, साथीचा रोग आहे म्हणून तिला बुरुजातल्या खोलीत हलवलं, बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या कमरेला अडकवली. वैद्य आला त्याला पायरीवरूनच परत लावलं. लेक दाराबाहेर बसून राहिली. आधी आतून आई बोलायची, जेवलीस का, वेणी कुणी घातली असं विचारायची. मग बोलणं गेलं, नुसती दारावर थाप यायची. मग तीही यायची थांबली. दार उघडलं तेव्हा काकाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला त्याने रुमाल आधीच काढून ठेवला होता. पोरीने तो रुमाल नीट पाहून ठेवला.

पुढे काकाने सगळ्यांदेखत सांगितलं की पोरीच्या हाताला काम असावं, म्हणजे दुःखाचा विसर पडेल. आणि गावातलं सगळ्यात घाणेरडं, सगळ्यात वासाचं काम शोधून तिला तिथे धाडलं.

रंगशाळेची मालकीण होती रंगारीण मावशी. सगळ्या रंगाऱ्यांची ती मुखत्यार, अंगाने आडवी, आवाजाने उभी. तिची लेक उशीच्याच वयाची. जिभेने असे चिमटे काढायची की आईनेच तिला चिमटी म्हणायला सुरुवात केली होती. पहिले काही दिवस चिमटीने उशीला छळ छळ छळलं. कढईखालचा जाळ फुंकताना उशीच्या भुवया जळाल्या तेव्हा म्हणाली, "बरं झालं, आता रागावलीस तरी कुणाला कळणार नाही." मग एका दुपारी उशी कोपऱ्यात बसून भिंतीवर हाताने थापा मारताना तिला दिसली. चिमटीने काय चाललंय म्हणून विचारलं, आणि उशीने पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं. चिमटी तिच्या शेजारी येऊन बसली. आपल्या ताटातली अर्धी भाकरी तोडून तिच्या हातात दिली, आणि त्यानंतर तिने चिमटे काढले ते फक्त उशीला नावं ठेवणाऱ्या इतरांना.

अशा दोघी वाढल्या. उशीचे हात कोपरापर्यंत निळे झाले, मग त्यावर तांबडे, मग असे काही झाले की त्या रंगाला नावच नव्हतं. लहान मूल झोपताना एकच गोष्ट रोज मागतं, तशी ती रोज मनाशी काकाच्या शेवटाची गोष्ट घोळवायची. कधी तो कढईत पडायचा, कधी जिन्यावरून. गोष्ट संपली की तिला शांत झोप लागायची.

उशी वयात आली, आता गादीवर बसणार कोण असं लोक विचारू लागले, तेव्हा काकाने दवंडी पिटवली. मुलगी आता रंगारीण झाली आहे, रंगाऱ्याच्या हातात राजदंड शोभत नाही, तेव्हा प्रजेच्या भल्यासाठी तो भार आपणच उचलतो. वर आणखी, राज्याभिषेकाचं वस्त्र त्याने मावशीकडेच टाकलं. म्हणाला, पुतणीच्या हातचा रंग अंगावर घेईन म्हणतो. जखमेवर मीठ चोळायची हौस, दुसरं काय. त्या हौसेनेच त्याचा घात केला.

त्या राज्यात राजा व्हायचं तर डोक्यावर मुकुट चढवून भागत नसे. चौकातल्या पांढऱ्या दगडावर लाल राजवस्त्र पांघरून उभं राहायचं आणि प्रत्येक धंद्याच्या मुखत्याराने एकेक घागर पाणी खांद्यावर ओतायचं. रंगाऱ्यांचं पाणी पहिलं. रंग टिकला तर राजा टिकला. रंग सुटला, तर धंदेवाल्यांना तो मान्य नाही असा त्याचा अर्थ.

आता लाल रंग पक्का होतो तो तुरटीने. कापड आधी तुरटीच्या पाण्यात मुरवायचं, मग रंगात घालायचं. तुरटी नसेल तर रंग दिसतो तस्साच, उलट जरा जास्तच झळझळीत, पण पाणी लागलं की चालता होतो. मावशी म्हणायची, बिनतुरटीचा रंग म्हणजे जावई, दिसायला देखणा पण राहायला येत नाही.

"तुरटी द्यायचीच नाही," उशी म्हणाली.

चिमटीने खुंटीवर टांगलेल्या आईच्या ठशाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली की काठांना द्यावी लागेल. वाड्यावरचा कोठारी आला की काठाचा तुकडा कापून पाण्यात बुडवून बघतो, मधलं कापड कापायची त्याची छाती नाही.

मावशी बाजाराला गेली असताना दोघींनी नुसते काठ तुरटीत धरले, मधला भाग तांब्याच्या घंगाळावर कोरडा उचलून धरला. हात भरून आले. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना मान जशी वर धरतात तसं ते कापड धरलं होतं. मावशी परत आली आणि तिने स्वतः ते कढईत सोडलं. वस्त्र असं लाल निघालं की तिने डोळे बारीक करून म्हटलं, आज कढईला काय झालंय कोण जाणे. आणि मोठ्या मानाने काठावर आपला ठसा उमटवला.

खरी पंचाईत पुढेच होती. रंगवलेलं कापड नदीत खळबळून काढायचं, तेही घाटावर, सगळ्यांसमोर. कच्चा लाल नदीत घातला की खेळ खलास. म्हणून चिमटीने त्याच मापाचं दुसरं, पक्क्या रंगाचं कापड पाटीत वर ठेवलं, राजवस्त्र घरी मावशीच्या नजरेला पडू नये म्हणून मेणकापडात गुंडाळून होडीच्या तळाशी घातलं, आणि घाटावर गर्दी आहे, वळणावर धुतो असं सांगून दोघी निघाल्या.

वळणापर्यंत गेल्याही नव्हत्या, तोच होडी दगडाला घासली आणि तळाची फळी उघडली. पाणी आत यायला लागलं. उशीला पोहता येत नव्हतं. राजाच्या मुलींना पाण्यात सोडत कोण? तिने गुंडाळी उचलली, डोक्यावर धरली आणि पाण्यात उतरली, कारण होडीत राहिली असती तर होडीबरोबर गुंडाळीही बुडाली असती. पाणी गळ्याशी आलं. पायाखालची वाळू सरकत होती. चिमटी खांद्यावर दोर घेऊन पुढे होडी ओढत होती आणि मागे न बघता सारखी बोलत होती. कुंभाराच्या सुनेने सासूला कसं फसवलं ते सांगत होती. मेल्यावर पहिली गोष्ट कोणती खाशील ते विचारत होती. उशीच्या नाकातोंडात पाणी गेलं, पण हात खाली आले नाहीत.

काठावर दोघी आडव्या पडल्या. गुंडाळी कोरडी होती. उशी हसायला लागली ती थांबेना. काकाचा चेहरा कसा होईल, पाणी कुठून कुठे ओघळेल, दगडावर कसं थारोळं होईल, हे ती सांगत राहिली. चिमटी ऐकत होती, हसत नव्हती. उशीला वाटलं दमली असेल. दुसरं काही असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

कोठाऱ्याने काठाचा तुकडा बुडवला, पाणी स्वच्छ राहिलं, तो मान डोलावून वस्त्र घेऊन गेला.

अभिषेकाच्या सकाळी उशी उठली तर चिमटी ठेवणीतला झगा घालून, तेल लावून चापून चोपून वेणी घालून तयार. हातात रंगाऱ्यांची पितळी घागर.

"तू कुठे निघालीस? घागर मावशीची ना?"

"आईचा पाय मुरगळलाय. जिन्यावरून घसरली."

"कधी?"

"आत्ताच. मी पायऱ्यांना साबण लावला होता."

 चिमटी घागरीचं तोंड पुसत होती, पुसून झालं तरी पुसतच होती.

"ठसा कुणाचा आहे त्या वस्त्रावर?" ती म्हणाली. "आईचा. ज्याचा ठसा त्याची मान, हे रंगशाळेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी सांगणार आहे की तुरटी मी चोरून विकली, आईला पत्ता नव्हता. मग तिला सोडतील."

"आणि तुला?"

चिमटीने खांदे उडवले.

 उशीला ठाऊक होतंच की. ठशाचा नियम तिने हजारदा ऐकला होता. पण वाड्यात चूक एकाची आणि मार दुसऱ्याला हे इतकं रोजचं होतं, की मार कुणाला बसेल हा हिशोब तिने कधी केलाच नव्हता. तिने फक्त काकाचा चेहरा पाहिला होता.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुझी आई गेली गं," चिमटी म्हणाली. "त्यावर काय बोलायचं असतं? पण माझी अजून आहे, उशी."

अजून वेळ होता. धावत जाऊन कोठाऱ्याला सांगता आलं असतं की वस्त्र बिघडलंय. मग चिमटीही वाचली असती, मावशीही वाचली असती, आणि काकाही. उशीने ते मनात उलटसुलट करून पाहिलं. काकाला वाचवणं तिच्याच्याने होईना.

तिने घागर हिसकली, चिमटीला सुताच्या कोठीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. चार पावलं गेली. आतून चिमटी दार बडवायला लागली. दोन्ही हातांनी, मग थकून एकाच हाताने, थाप, थाप.

उशी थांबली. मग ती अशी परत धावली की कडी काढताना तिची नखं तुटली.

"चल," ती धापा टाकत म्हणाली. "बरोबर चल. पण घागर माझी. बोलायचं ते मी बोलणार."

चिमटीने डोळे पुसले. "बोलायला येतंय का तुला? सगळी अक्कल मीच शिकवली."

चौक फुलला होता. दगडावर काका लाल वस्त्रात उभा, आणि खरंच देखणा दिसत होता. रंगाऱ्यांच्या रीतीप्रमाणे उशीने नाकातोंडावर फडकं बांधलं होतं, पण ते पायरीवरच सोडून टाकलं. काकाने तिला ओळखलं आणि गालात हसला.

"ये ये. पाणी ओतायचं तरी शिकलीस म्हणायची."

"तेवढंच शिकले काका," ती म्हणाली आणि घागर उपडी केली.

क्षणभर काही झालं नाही. मग खांद्यावरून एक लाल धार निघाली, तिच्यामागे दुसरी. बाह्यांमधून, कमरेवरून, पायांवरून लाल ओघळत पांढऱ्या दगडावर पसरलं आणि काकाने ते झटकायला हात उचलला तर हातही लाल झाला. हे सगळं तिने मनात इतक्यांदा पाहिलं होतं, तरी प्रत्यक्ष पाहताना तिला जे सुख झालं ते सांगता येणार नाही. तिने एक थेंबही नजरेतून सुटू दिला नाही.

"ठसा मावशीचा आहे, काम माझं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुरटी मी दिली नाही. का दिली नाही ते काकांना विचारा. माझ्या आईच्या दाराची किल्ली कुणाच्या कमरेला होती, वैद्याला पायरीवरून कुणी परत पाठवलं, विचारा त्यांना."

कुणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, फक्त आजवर कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. काकाने पहारेकऱ्यांना धरा तिला म्हणून हुकूम सोडला. तेव्हा म्हातारा कुंभार पुढे आला, आपली घागर जमिनीवर रिकामी केली आणि बाजूला उभा राहिला. मग सुतार. मग लोहार. मग बाकीचे. चौकात पाणीच पाणी झालं आणि काकाच्या खांद्यावर त्यातला एक थेंबही पडला नाही. पहारेकरी तरी कोण होते, याच लोकांचे मुलगे आणि जावई. त्यांनी भाले खाली केले.

काकाचं काय करायचं हे ठरवायला मुखत्यार बसले. सीमेपलीकडे सोडू, असं बहुतेकांचं मत पडलं. उशीने बुरुजातली खोली मागितली. बाहेरून कुलूप, जन्मभर. कुणीतरी म्हणालं की पोरी, क्षमा करावी. ती म्हणाली, नाही करत. तिने नंतरही कधी केली नाही, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नाही. लंगडत आलेल्या मावशीने मात्र एक अट घातली, की वैद्य रोज जाईल. त्यावर उशीने ओठ आवळले, पण होकार दिला.

सगळे उठले तसं मावशीने तिला जवळ बोलावलं. उशीला वाटलं, मिठी मारणार. मावशीने खाडकन तिच्या थोबाडीत मारली. मुखत्यार जागीच थबकले. राजाच्या मुलीवर आजवर कुणी हात उगारला नव्हता, आणि आता तर ती राणी होणार होती.

"माझी लेक सुळावर चढणार होती," मावशी म्हणाली. साबण सोडून बाकी सगळं चिमटीने तिला सांगून टाकलं होतं. "तुझ्या रागापायी. तू बघितलंसुद्धा नाहीस गं तिच्याकडे."

"नाही बघितलं," उशी म्हणाली.

"वर्षभर तुझ्यासाठी वस्त्र रंगवणार नाही मी. कोऱ्या कपड्यात बस गादीखाली, पाटावर. लोकांची कामं कर. पुढच्या वर्षी बघू, तुरटी द्यायची का ते."

मुखत्यार एकमेकांकडे बघायला लागले. वाड्यावरचा कोठारी पुढे होऊन काही म्हणणार होता, पण उशीने त्याला हातानेच गप्प केलं. तिचा गाल आगीसारखा चुणचुणत होता. आई गेल्यापासून तिच्यावर असं हक्काने कुणी रागावलं नव्हतं. तिने मावशीचा हात आपल्या खांद्यावर घेतला, कारण मुरगळलेल्या पायाने तिला उभं राहवत नव्हतं. दुसऱ्या बाजूने चिमटीने तिच्या कमरेला हात घातला.

"हळू," मावशी करवादली. "आणि पायऱ्या कुणी धुतल्या होत्या आज, ते घरी गेल्यावर विचारते मी."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं, आणि मावशीचा दुसरा हात अजून मोकळाच होता.