मुठीत न मावणारा फोन

नवा फोन घरात येऊन तीन दिवस झाले होते आणि त्या तीन दिवसांत ओमिरझाक एकदाही धड बसला नव्हता. विजारीच्या खिशात ठेवला तर बसताना मांडीत रुतायचा. वरच्या खिशात ठेवला तर वाकताना बाहेर डोकवायचा, आणि एकदा तर सरळ चहाच्या वाटीत उतरला. हातात धरावा तर अंगठा अर्ध्या वाटेत थांबायचा. वरचा कोपरा गाठायला दुसरा हात लागायचा. आणि दुसऱ्या हातात माइक असतो. सगळी गोम तिथंच होती, आणि ती घरात कुणाला सांगता येत नव्हती.

ओमिरझाक असाबा होता. म्हणजे लग्नकार्याच्या मेजवानीत माइक घेऊन उभं राहायचं, कुणाला आधी बोलवायचं, कुणाला नंतर, कुणाच्या खांद्यावर मानाचा झगा कधी टाकायचा, हे सगळं त्याच्या हातात. गाणं त्याचं बेताचं होतं आणि विनोद तर लोकांना त्याच्याआधी आठवायचे. पण तराज शहरापासून तुर्किस्तानपर्यंत त्याचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. तो हातात कागद न घेता माणसं बोलवायचा. नाव, बापाचं नाव, कूळ, गाव, सगळं तोंडपाठ. मोठा मानकरी असला तर त्याचे सात पिढ्यांचे बाप एका दमात म्हणून दाखवायचा. त्याआधी डावा हात छातीवर ठेवून तो क्षणभर मान खाली घालायचा, आणि लोक एकमेकांना म्हणायचे, बघा, पूर्वजांपुढे कसा झुकतो हा माणूस.

झुकतो कसला, वाचायचा तो.

चार वर्षांपूर्वीपर्यंत खरंच तोंडपाठ असायचं. मग एका मेजवानीत ऐन वेळी एका व्याह्याचं नाव डोक्यातून साफ पुसलं गेलं. वेळ मारून न्यायला तो म्हणाला, "आता आपले सर्वांत आदरणीय व्याही आशीर्वाद देतील." दोघं उठले. चुलतभाऊ होते, एक वयानं मोठा, दुसरा थोरल्या घरातला. दोघांपैकी कुणीच खाली बसेना. शेवटी थोरल्या घरातला आपली माणसं घेऊन चालता झाला आणि त्यांच्यापुढचं मांसाचं ताट न शिवता स्वयंपाकघरात परत गेलं. ओमिरझाकला त्या ताटाची वाफ अजून स्वप्नात दिसायची.

तेव्हापासून नावं फोनमध्ये. कागद चालत नाही. माइकजवळ कुरकुरतो, शिवाय कोण आलं आणि कोण रुसून घरी राहिलं हे शेवटच्या घटकेपर्यंत बदलत राहतं. जुना फोन साबणाच्या वडीएवढा. डाव्या तळव्यात मावायचा, हात छातीवर ठेवला की कुणाला संशयही यायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही. आता त्याच फोनची बॅटरी कढईत तळलेल्या बाउरसाकच्या गोळ्यासारखी टम्म फुगली होती, आणि दुरुस्तीवाल्यानं तो चिमटीत धरून परत केला होता.

नवा फोन आणला लेकीनं. तोर्गिन शाळेत शिकवायची, आणि बापालाही शाळेतल्या पोरासारखं समजवायची.

"बाबा, अक्षरं मोठी करून दिलीत. आता डोळे बारीक करायला नकोत."

"माझे डोळे ठणठणीत आहेत."

"म्हणूनच परवा सूपात साखर घातलीत."

"तुझ्या आईनं डबे बदलले होते."

"बरं. जुन्यातलं सगळं ह्यात आणलंय. फोटो, नंबर, ती माणसांची यादीसुद्धा."

ओमिरझाकनं फोन तिच्या हातातून काढून घेतला. "वाचलीस?"

"चारशे म्हाताऱ्यांची नावं कशाला वाचत बसू मी?"

त्याचा जीव भांड्यात पडला, पण तेवढ्यापुरताच. कारण यादीत नुसती नावं नव्हती. शनिवारी एका मुलीची पाठवणी होती, मुलाकडचे व्याही लांबून येणार होते, आणि त्या व्याह्यांच्या नावांपुढे त्यानं स्वतःसाठी जे जे लिहून ठेवलं होतं ते दुसऱ्याच्या नजरेला पडणं म्हणजे तराज सोडून जाण्याची पाळी.

शुक्रवारी तो बाजारात छोटा फोन शोधून आला. दुकानदार म्हणाला, "काका, एवढे छोटे आता बनत नाहीत. अगदीच छोटा हवा तर बटणांचा घ्या." बटणांच्या फोनमध्ये चार ओळी दिसायच्या आणि पाचवीला पहिली पळून जायची. घरी येऊन तो आरशासमोर उभा राहिला. उजव्या हातात माइक म्हणून ओगराळं, डाव्या हातात नवा फोन, हात छातीवर. फोन बोटांच्या वरून चार बोटं आणि खालून चार बोटं बाहेर आलेला. बायको रिस्ती दारात येऊन उभी होती हे त्याला कळलं नाही.

"अहो, छातीला परात लावून कुणाला मुजरा करताय?"

"हा फोन हातात बसत नाही."

"फोन बदलून झाला. आता बाजारातून हात बदलून आणा." ती ओगराळं काढून घेऊन गेली. मेजवानीतलं संगीत तीच लावायची. तेवीस वर्षं त्याच्या मागे यंत्रापाशी बसली होती, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याला उद्याच्या कार्याची धास्ती घेतलेली बघत होती. रात्रभर तो कूस बदलत राहिला.

शनिवारी दुपारी सभागृहातली टेबलं भरली, आणि ओमिरझाकला युक्ती सुचली. वडीलधारी माणसं उभी राहतात तसा एक हात पाठीमागे. डाव्या हातात फोन, पाठीच्या आड. लोक टाळ्या वाजवताना, प्याले उचलताना हात हळूच पुढं आणायचा, एक नाव उचलायचं, हात पुन्हा मागे. पहिली सहा नावं अशी सुखरूप पार पडली. अंगठा तेवढा स्वस्थ बसेना. पाठीमागे काचेवर जुन्या फोनचा काठ शोधत राहिला. त्या चाळ्यामुळे काचेवरचा उजेड विझत नव्हता, हे त्याच्या ध्यानी आलं नाही.

त्याच्या मागे मानाचं टेबल होतं. त्या टेबलाच्या मधोमध बसले होते बायदिल्दा अक्साकाल, म्हणजे वडीलधारे मानकरी, नवऱ्या मुलाचे चुलत आजोबा, वय एक्याऐंशी. जवळचं वर्तमानपत्र त्यांना चष्म्याशिवाय दिसायचं नाही, पण समोरच्या डोंगरावरची मेंढरं ते बसल्या जागी मोजायचे. ओमिरझाकचा फोन त्यांच्यापासून बरोबर दोन हात लांब होता, आणि अक्षरं वालाच्या दाण्याएवढी.

सातवं नाव त्यांचंच होतं. टाळ्यांच्या कडकडाटात ओमिरझाकनं हात पुढं आणला, डोळे भरून पाहून घेतलं आणि आवाज चढवला. "एस्केरमेसचा बायदिल्दा! एस्केरमेस ओतेपचा, ओतेप झामानकुलचा, झामानकुल तोक्सानचा..." सातही बाप ओळीनं आले. सभागृह उठून उभं राहिलं. त्याला वाटलं, जमलं, गंगेत घोडं न्हालं.

बायदिल्दांनी माइक घेतला.

"मी घोड्याची गोष्ट सांगणार होतो," ते म्हणाले. ती गोष्ट ऐकून ऐकून म्हातारी झालेली माणसं तिथं होती, ती हसली. "पण आज नको. मला दोन मिनिटं आहेत. पोरी, सुखानं नांद. सासरची चूल विझू देऊ नकोस. झालं." आणि मान न वळवता, "रिस्ती बाई, संगीत."

लोक आणखी हसले. म्हातारा आज रंगात आहे असं सगळ्यांना वाटलं. ओमिरझाकनं फोन घाईनं खिशात कोंबला. कारण यादीत त्याच्या हातचं होतं ते असं: बायदिल्दा. ८१. दोन मिनिटं. घोड्याची गोष्ट निघाली की संगीत.

अजून अकरा नावं उरली होती. फोन बाहेर काढायची हिंमत होईना आणि न काढता एकही नाव ओठावर येईना. त्यानं तरुण मंडळींना नाचायला बोलावलं. रिस्तीनं भुवया उंचावल्या, कारण नाच मांसाच्या ताटानंतर असतो, पण गाणं लावलं. तेवढ्यात मानाच्या टेबलावरून एक बोट हललं. ओमिरझाक गेला.

"बस," बायदिल्दा म्हणाले.

"अक्साकाल, मी..."

"आधी चहा घे. फोन पाठीमागे धरून उभा राहिलास, मला वाटलं माझ्यासाठीच धरलायस." त्यांनी वाटी पुढं सरकवली. "तिसऱ्या ओळीतल्या बाईला तू रडकी लिहिलंयस. ती माझी भावजय."

"चूक झाली माझी."

"चूक कसली, रडकीच आहे. ते राहू दे." म्हातारे थोडा वेळ नाचणाऱ्या पोरांकडे बघत राहिले. "गेल्या साली माझ्या पणतूच्या सुंतेला तूच होतास. माझे सातही बाप म्हणालास. ऐंशी वर्षांचा घोडा मी, चारचौघांत रडलो. आमच्या पोरांना आजाच्या पलीकडे काही येत नाही. मला वाटलं, मी गेलो तरी एका परक्या माणसाच्या डोक्यात माझा बाप राहील. घरी जाऊन म्हातारीला सांगितलं तसं. आणि तो तुझ्या डोक्यात नव्हताच. मुठीत होता."

ह्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ओमिरझाकला भयंकर लाज वाटली, आणि लाजेच्या भरात, बायकोलाही चार वर्षं सांगितलं नव्हतं ते तोंडून निघून गेलं.

"मी विसरतो, अक्साकाल. नावं राहत नाहीत. घरी कुणाला माहीत नाही."

बायदिल्दांनी त्याच्याकडे वळून नीट पाहिलं. "फोन खिशातच राहू दे. म्हण आता."

"एस्केरमेस. ओतेप." ओमिरझाक थांबला. आत्ताच, दहा मिनिटांपूर्वी सभागृह उभं केलं होतं ह्याच नावांनी. "झा..."

"झामानकुल. आधीची तीन पोरं गेली, नजर लागू नये म्हणून ह्याचं नाव झामान म्हणजे वाईट ठेवलं, आणि जगला. अशी लक्षात राहतात, बाळा. माझ्या मागून म्हण." म्हाताऱ्यांनी डाव्या हाताची तीन बोटं आधीच मिटली होती, आता चौथं मिटलं. "तोक्सान. जन्मला तेव्हा आजा नव्वदीचा होता, म्हणून नाव नव्वद."

"तोक्सान."

"मुर्झाली. ह्याला घोड्यानं लाथ मारली होती, जन्मभर लंगडला."

"मुर्झाली."

डावा हात संपला. उजव्या हाताचा अंगठा मिटला. "कोशेन. हा सगळ्यांत तापट."

"कोशेन."

उजव्या हाताचं पुढचं बोट वर आलं आणि वरच राहिलं.

ओमिरझाक वाट बघत होता. संगीत टेबलावरच्या वाट्या हलवत होतं. बायदिल्दांनी बोट खाली घेतलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी भराभरा, परीक्षेतल्या पोरासारखं. एस्केरमेस, ओतेप, झामानकुल, तोक्सान, मुर्झाली, कोशेन. बोट पुन्हा तिथंच येऊन थांबलं. ज्याला सात बाप ठाऊक नाहीत तो बेवारशी, हे त्यांनी पणतूच्या सुंतेत माइकवरून पोरांना सुनावलं होतं. ओमिरझाकला ते मात्र नको तेव्हा लख्ख आठवलं.

"आवाज फार आहे इथं," बायदिल्दा म्हणाले.

"फार आहे," ओमिरझाक म्हणाला.

नाव त्याच्या खिशात होतं, मांडीत रुतत होतं. फोन काढावा तर म्हाताऱ्याचा अपमान, न काढावा तर हा माणूस त्या बोटाकडे बघत किती वेळ बसणार? तो खुर्चीत चुळबुळला. म्हातारेही चुळबुळले. त्यांची नजर टेबलावरून फिरली, भावजयीवर गेली, नातवावर गेली, कुणी बघत नाही ना हे पाहून परत आली.

"आहे ना त्यात?" त्यांनी हलकेच विचारलं.

"आहे."

"मग काढ."

ओमिरझाकनं फोन चहाच्या वाट्यांमध्ये आडवा ठेवला. अंगठा पोचेना म्हणून दोन्ही हातांनी उघडला. बायदिल्दा मागे रेलले, दोन हात अंतर केलं, आणि शेवटची ओळ वाचली.

"शोमान."

त्यांनी ते पुन्हा म्हणून पाहिलं. चेहऱ्यावर ओळख दिसेना. "ही यादी तुला दिली कुणी?"

"तुमच्या पुतण्यानं पाठवली होती."

"आणि त्याला कुणी सांगितली?"

ओमिरझाकनं वाटी उचलली, खाली ठेवली. पण म्हातारे डोळे हटवेनात, तेव्हा सांगावंच लागलं. "तुम्हीच सांगितलीत म्हणाला. गेल्या साली."

बायदिल्दांनी उजव्या हाताचं ते अडलेलं बोट मिटलं. "शोमान," ते म्हणाले. "असेल."

फोनवरचा उजेड मंद होऊ लागला तसा त्यांनी घाईनं ओमिरझाकचा दंड धरला. "विझू देऊ नकोस."

रिस्ती लांबून हातवारे करत होती, गाणं संपत आलं होतं, अकरा व्याही आपापल्या मानाची वाट बघत बसले होते. ओमिरझाकनं अंगठा काचेवर ठेवला आणि तो तसाच बसून राहिला.