दुसऱ्या डोळ्यातलं काजळ

बाळंतपणाच्या तापातून गोजरबाई वाचली, पण तिची डावीकडची नजर गेली. दोन्ही डोळे उघडे असले तरी डाव्या अंगाचं काहीच दिसेना. एका सकाळी तिनं लेकराच्या एकाच डोळ्यात काजळ घातलं आणि डबी मिटली. सासूनं पोरगं उचललं.

"न्हाई बाई, आता ह्याचं मीच बघते."

शेजारची जैनबबी वसमतच्या बाजारासाठी हळद निवडायला आली, तेव्हा गोजर रडत होती.

"रडून राहिलीस काहून? डोळे मीट अन् माहेरची ओसरी कशी हाये, सांग."

गोजरनं डोळे मिटले. "उजवीकडं दळायचं जातं. मधे आई बसलेली. डावीकडं शेळी, तिचं करडू..."

"थांब!" जैनबबी हसली. "शेळी म्हणलीस अन् पापणीखाली तुझी बुबुळं डावीकडं पळाली. त्यांना वाट ठाऊक हाये, पोरी. तूच त्यांना नेत न्हाईस."

गोजरनं डोळे उघडले आणि शेळीकडं बघावं तशी नजर डावीकडं नेली. आधी पाळण्याची दोरी दिसली, मग सासूचा गुडघा, मग मांडीवरचं पोरगं.

दुसऱ्या दिवशी सासूनं लेकरू तिच्यापुढं ठेवलं. गोजरनं एका डोळ्यात काजळ घातलं, मनात शेळी आणली आणि नजर सरकवली. दुसरा डोळा तिच्याकडंच टुकूटुकू बघत होता.

"बराबर," सासू म्हणाली.

बोटावर उरलेलं काजळ गोजरनं पुसलं नाही. जैनबबीच्या दारी जाऊन तिनं ते तिच्या कानामागं लावलं.

"दिष्ट लागू नये तुला, खाला."

"म्हातारीला कुणाची दिष्ट लागती गं!" जैनबबी म्हणाली, पण मान तिनं वाकवूनच ठेवली.